इळा त्यायच्या वाट्यात गेला

आमच्या गावात जीपचा आवाज आला का बाया हातातलं काम तसंच सोडून दारात यायच्या अन् एकमेकीले विचारायच्या, "कोनाच्या घरी वं?" कापसाची लय वाईट वर्सं होती ती. पऱ्हाटीले अळी लागे, अळीतून वाचलं ते पावसात जाय, अन् जीप आली म्हंजे कोनाच्या तरी घरी रडारड झालेली असे. सायेब लोक उतरत, वहीत काहीबाही लिहून नेत, अन् मी लेकराले पोटाशी धरून पाहो का जीप आपल्या गल्लीत वळते का सरळ जाते. मी पयलेपासूनच भित्री. सातवीत शाळा सुटली, पन भीती काही सुटली नाई.

त्याच गावात एकदा जीपीतून लोक हसत उतरले. हातात हार होता. ते आमच्या गल्लीत वळले, माह्या दारापाशी आले, अन् माहं दार सोडून बाजूच्या दारात गेले. माह्या जाऊबाईच्या.

आमच्या दोघींच्या घरामधात तुराट्याचा कूड हाय. तिकडं कोनी शिंकलं त इकडं आयकू येते. मी कुडाशी उभी राहून त्या टाळ्या आयकल्या अन् मले असं वाटलं का कोनं माह्या छातीत मिरची चोळली. ती आग तीन वर्सं वाढत राह्यली. अन् तिसऱ्या वर्सी मले वाटलं का माह्या त्या आगीनं जाऊबाईची पोट्टी जाते. ते कोनाले सांगाव असं कधी वाटलं नाई, पन आता लिवून राह्यली.

गोष्ट अशी का इंग्रजाच्या राज्यात सरकारनं जंगल बंद केलतं. गवताची काडी तोडली त गुन्हा. तवा आमच्या भागातले मानसं इळे घेऊन मुद्दाम जंगलात गेले, मूठ मूठ गवत कापलं अन् जेलात गेले. त्याले जंगल सत्याग्रह म्हनते. सातवीपरेंत शिकून मले हे ठाव नव्हतं. अन् त्या मानसायच्यात माह्या नवऱ्याचा आजा होता, हे बी मले लगीन होऊन सात वर्सं झाल्यावर समजलं, ते बी शाळेत नवे हेडमास्तर आले म्हनून.

हे हेडमास्तर घरोघरी फिरले. म्हने, "या गावात बाहेरचे लोक येतात ते फक्त रडायला येतात. वर्षातून एक दिवस असा करू की लोक टाळ्या वाजवायला येतील." सत्याग्रह झाला तो पावसाळ्यातला दिवस त्यायनं कागदात पाहून काढला अन् इचारत फिरले का त्या काळातलं काही कोनाच्या घरी हाय का. माह्या सासूबाई, मामीजी, मोठ्या लेकाकडं राह्यते. त्या उठल्या, माळ्यावरून एक गंजका इळा काढला अन् म्हनल्या, "हा मामाजीचा, माह्या सासऱ्याचा. याच्यानंच कापलतं. शिपायानं धरलं तवा बुढ्यानं हा भाऱ्यात खुपसला, गवत जप्त झालं पन हा सापडला नाई."

हेडमास्तरच्या डोळ्यात पानी आलं. अन् माह्या डोक्यात घन पडला. कारन तो इळा माह्या घरी असता. म्या सोडला होता तो.

आमच्याकडं भाऊ वेगळे होते तवा अशी रीत हाय का मोठ्यानं वाटे करायचे अन् धाकट्यानं आधी उचलायचा. म्हंजे मोठा बेइमानी करत नाई. आमी वेगळे झालो तवा भासऱ्यायनं, म्हंजे माह्या नवऱ्याच्या मोठ्या भावानं, आंगनात दोन ढीग लावले. एका ढिगात आरशाचं कपाट, पितळेचा हंडा. दुसऱ्यात पाटा-वरवंटा, कुऱ्हाड, भाजी चिराची पावशी, दोन टोपले, तो इळा, असं सारं लोखंड-दगड. भांडे सारे बरोबरीचे. आमचे हे लोखंडाकडं पाहून राह्यले होते, वावरात कामाचं म्हनून. मी नवीन होती, डोक्यावर पदर, तोंडातून बोलनं नाई. पन म्या कोपरानं ढुसनी देल्ली. कपाट. मले तो आरसा पाह्यजे होता. माह्या मायच्या घरी तळहाताएवढा आरसा होता, त्यात एक डोळा दिसला त दुसरा दिसे नाई.

यायनं कपाट उचललं. मामीजी तवाच म्हनल्या होत्या, "लोखंड पिढ्याचं असते वं पोरी." मी पदराआड हसली होती.

तर पयल्या वर्सी काय झालं का गावभर पोट्ट्यायची फेरी निघाली, हलगी वाजली, अन् फेरी जाऊबाईच्या दाराशी थांबली. इळ्याले हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, पितळी ताटात ठेवला. ते ताट जाऊबाईच्या पोट्टीच्या हातात देल्लं. फेरी जंगलाच्या काठापरेंत गेली, तिथं त्या पोट्टीनं इळा उचलून मूठभर गवत कापलं, ते गवत शाळेत झेंड्याखाली ठेवलं, अन् जाऊबाईले शाल अन् नारळ. हेडमास्तर म्हनले, "स्वातंत्र्यसैनिकाची नातसून." मी बी नातसूनच न बाप्पा. एकाच बुढ्याची. मी चौथ्या रांगेत मांडीवर लेकरू घेऊन चिखलात बसली होती.

जाऊबाईनं ती शाल किती दिवस मिरवली! निंदाले जातानी खांद्यावर, इहिरीवर जातानी डोक्यावर. पावसाळ्यात मानसाले घाम येऊन राह्यला अन् हिच्या अंगावर शाल. बाया म्हनत, "काय वं, थंडी वाजते काय?" ती म्हने, "नाई वं, सन्मानाची हाय, घडी करून ठेवली त कसर लागते." मी मनात म्हनो, लागू दे.

दुसऱ्या वर्सी वनीहून, आर्नीहून लोक आले, पेपरात फोटू आला. फोटूत पोट्टी, इळा अन् जाऊबाईचा अर्धा खांदा. तो कागद तिनं भिताडाले चिकटवला. मी कुडाच्या फटीतून तो खांदा रोज पाहो.

अन् माही मोठी पोट्टी सहा वर्साची झालती तवा. ती घरी येऊन म्हने, "माय, तो आपला बी पनजोबा होय न?" मी म्हनलं, "होय." "मंग ताट मले काहून नाई देत?" आता लेकराले काय सांगाव का तुह्या मायले आरसा पाह्यजे होता म्हनून.

तिसऱ्या वर्सी म्या जीव मुठीत धरून जाऊबाईले इचारलं. पोट्टं तवा पाच महिन्याचं होतं, त्याले कडेवर घेऊन गेली. मी म्हनलं, "बाई, औंदा ताट अर्ध्या वाटेपरेंत माह्या पोट्टीच्या हातात द्या न. गवत तुमचीच कापन. नुसतं ताट."

जाऊबाई पावशीवर आंबाडीची भाजी चिरून राह्यली होती. मान वर न करता म्हनली, "कायले? तुमच्या घरी आरसा हाय न एवढा. त्याच्यापुढं उभी कर तिले ताट घेऊन, एकाच्या दोन दिसतीन."

भासरे ओट्यावर बसून हसले. मी बी हसली, दाखवाले. घरी आल्यावर कपाटाच्या आरशात पाह्यलं त माहं तोंड असं झालतं का मलेच भेव वाटला.

तो दिवस आला. पाऊस उघडला होता, गवत कमरेएवढं, पाय घसरे. मी जंगलाच्या काठावर बायांमधी उभी. जाऊबाईची पोट्टी नवा फ्राक घालून, दोन वेन्या, लाल रिबिनी. साऱ्या जगाचे डोळे तिच्यावर. मी तिच्या हाताकडं पाहून राह्यली होती. देवाच्यान सांगते, त्या वेळेस माह्या मनात एवढंच होतं, सुटावा. हातातून तो इळा सुटावा अन् सारे हसावे. बस. याच्यापल्याड काही नव्हतं.

अन् इळा सुटला.

गवत ओलं होतं, मूठ घसरली, अन् पातं तिच्या डाव्या तळहातावर बसलं. मोठी जखम नव्हती. दोन बोटाएवढी. जाऊबाईनं त्याच शालीच्या कोपऱ्यानं रगत पुसलं, कोनं तरी हळद दाबली, लोकायनं टाळ्या वाजवल्या, पोट्टीनं रडत रडत गवत झेंड्याखाली ठेवलं. हेडमास्तर दोनदा म्हनले, "दवाखान्यात दाखवून घ्या." मामीजी म्हनल्या, "बुढ्याच्या इळ्याचं काय भेव, घरचंच लोखंड हाय."

मी टाळ्या वाजवू शकली नाई.

दुसऱ्या दिवशी कुडापलीकडून कन्हनं आयकू आलं. तिसऱ्या दिवशी पोट्टीचा हात फुगला, अंग तापलं. मामीजीनं मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेतल्या. आमच्याकडं नजर उतरवायची त ज्यायच्यावर संशय असन त्यायच्या पायाखालची चिमूटभर माती बी त्यात घ्या लागते. मंग ओवाळून चुलीत टाकायचं. ठसका लागला त काही नाई. ठसका लागला नाई त नजर अजून हाय, अन् ज्याची नजर त्याची माती पडली का ठसका उठून ती निंगते.

मामीजीनं पयले जाऊबाईचीच माती घेतली. जाऊबाई म्हनली, "माही कायले? मी त माय होय."

"मायचीच नजर आधी लागते," मामीजी म्हनल्या. "किती पाहे तू तिच्याकडं. साऱ्या गावात तूच जास्त पाहे."

मंग शेजारच्या दोघीची घेतली. मिरच्या टाकल्या. मी कुडाच्या इकडून नाकानं वास घेऊन राह्यली. ठसका नाई. कोनालेच नाई.

मामीजीचा आवाज आला, "आता कोनाची राह्यली?"

मले माहीत होतं त्या साऱ्याजनी कुडाकडं पाहून राह्यल्या असतीन.

अन् मी इकडं पोट्ट्याले पाजत बसलेली, दूध त्याच्या तोंडातून बाहेर जाय अन् मले समजे नाई. एक भेव असा का आपल्यामुळं झालं. दुसरा भेव असा का बायले एकदा नजरेची म्हनलं का मंग तिले कोनी बारशाले बोलवत नाई, आपलं लेकरू तिच्यापुढून पदराखाली झाकून नेते, अन् तिच्या पोरीले बी तसंच. अन् तिसरा भेव साऱ्यात मोठा होता, अन् तो मलेच माहीत होता. पोट्टं पोटात होतं तवा नर्सबाईनं मले दोनदा सुई देल्ली होती अन् सांगितलं होतं, "गंजलेलं लोखंड लागलं अन् ही सुई नाही घेतली, तर जबडा बसतो, माणूस धनुष्यासारखा वाकतो." मी नर्सबाईले इचारलं होतं का मंग वाचते काय. तिनं बोलनं बदललं होतं.

तो इळा मायच्यान गंजानं लाल होता. वर्सातून एकदा नुसतं कुंकू.

मी जाऊन म्हनली असती का सुई द्या, त त्या म्हनल्या असत्या, तुलेच काहून एवढी घाई? तुह्या मनात काय हाय? अन् माह्या मनात होतंच. बोलन त चोर, नाई बोलन त पापी. मी चारदा दारापरेंत गेली अन् चारदा मांगं आली. पाचव्यांदा कुडापलीकडून पोट्टी म्हनली, "माय, तोंड दुखते."

मले मंग काही सुचलं नाई. पोट्टं मोठीजवळ देल्लं, आंगनात गेली, उजवा पाय उचलला, त्याच्याखालची माती मुठीत घेतली, डाव्या पायाची बी घेतली, अन् तशीच जाऊबाईच्या घरात शिरली. दम लागलता, एकाच आंगनातून आली तरी.

मी मामीजीपुढं मूठ उघडली. "घ्या," म्हनलं, "माही राह्यली होती. माहीच हाय. मी पाह्यलं होतं. मी मनात म्हनलं होतं का इळा सुटावा. टाका चुलीत, उतरवा. पन हे झालं का एका मिनिटात पोट्टीले घ्या अन् आर्नीले चाला, सुई द्या लागते, नाई त जबडा बसते. नर्सबाईनं सांगितलं हाय मले. माती बी घ्या न सुई बी घ्या. मी पाया पडते."

मोठी पोट्टी मांगून पोट्ट्याले घेऊन आलती, ती दारात उभी राह्यली.

जाऊबाई उठली. मले वाटलं आता मारते. तिनं माह्या हाताकडं पाह्यलं, तोंडाकडं पाह्यलं, म्हनली, "एवढी जळे तू?"

मी म्हनलं, "हो बाई, एवढी."

मामीजीनं माती घेतली. त्यायनं घाई बी नाई केली, सात वेळा ओवाळलं, तोंडातल्या तोंडात म्हनलं, अन् मिरच्या चुलीत टाकल्या. अन् असा ठसका उठला, असा उठला का भासरे ओट्यावरून खोकलत पळाले, पोट्टं रडाले लागलं, पोट्टी खाटेवरून उठून बसली. मामीजी डोळे पुसत म्हनल्या, "निंगाली. पाह्य, कशी निंगाली."

"तुमी खोकला नंतर," मी म्हनलं, "चाला आधी."

फाट्यावर काळीपिवळी उभी होती. जाऊबाई, पोट्टी, मी अन् माहं पोट्टं, चौघं दोघायच्या जाग्यात. पूर्न रस्ता जाऊबाई माह्याशी बोलली नाई. पोट्टीचं डोकं तिच्या मांडीवर, पाय माह्या मांडीवर. मी दर दोन मिनिटानं म्हनो, "बाई, तोंड उघड न जरा. आ कर." पोट्टी आ करे अन् मले जीवात जीव येये. दवाखान्यात डाक्टरनं जखम धुतली, सुया देल्ल्या, गोळ्या देल्ल्या. म्हनले, "आणलं ते बरं केलं. उशीर करायला नको होता." धनुर्वात नव्हता, म्हने, पू झालता. पन झाला असता.

येतानी जाऊबाई बोलली. खिडकीतून बाहेर पाहत. "माती कायले देल्ली वं तू? नसती देल्ली त मले कधीच समजलं नसतं."

मी म्हनलं, "माती नसती देल्ली त तुमी सुईले आल्या असत्या काय?"

तिनं पोट्टीच्या अंगावरचा पदर सारखा केला. अर्ध्या तासानं म्हनली, "पोट्टं इकडं दे. तुहा हात भरून आला असन." अन् माहं पोट्टं तिनं घेतलं. पदराखाली झाकलं नाई का दूर धरलं नाई. पन माह्याकडं बी पाह्यलं नाई.

पोट्टी आठ दिवसानं शाळेत गेली. मामीजी आजवरी सांगते का माती देल्ली म्हनून उतरली. नर्सबाई म्हने सुईनं. मले इचारलं त मी दोघीले हो म्हनते. मले खरंच समजत नाई. गावात कोनं मले नजरेची म्हनलं नाई, म्हंजे गोष्ट त्या घरातून बाहेर गेलीच नाई. हे जाऊबाईनं केलं, ते मी इसरली नाई. पन म्हनून माह्या छातीतली मिरची गेली असं समजू नका. दिवाळीले तिनं ती शाल धुवून वाळू घातली, कोपऱ्यावर रगताचा डाग, अन् मी तारेवर ती पाह्यली त डागाच्या आधी मले शालच दिसली.

पुढच्या वर्सी तो दिवस आला तवा मी जाऊच नाई असं ठरवलं होतं. सकाळी जाऊबाई कुडापलीकडून म्हनली, "येतं का नाई वं? तुह्या पोट्टीले धाडलं म्या मघाशीच फेरीत, वेनी घालून." मी म्हनलं, "येतो, पन मांगं राहीन." ती म्हनली, "मांगंच राह्य." तिचं बी बरोबर होतं. इळा तिनं औंदा घासलता, तेल लावलं होतं, अन् पात्याले कापड गुंडाळलं होतं.

मी काठावर साऱ्या बायांच्या मांगं उभी राह्यली अन् डोळे खाली घातले. मनात म्हनलं, वर पाह्याचंच नाई. जे पाह्यलं नाई त्याले लागत नाई. हलगी आली, मानसं आले, चिखलात पाय दिसाले लागले. हेडमास्तरचे बूट. पोट्ट्यायचे अनवानी पाय. मंग जाऊबाईच्या पोट्टीचे पाय, नवी चप्पल, हळू हळू, जपून. ताट घेऊन चालते तवा मानूस तसं चालते. अन् तिच्या बाजूले, तिच्याच पावलाशी पाऊल जुळवून, अजून दोन पाय. घोट्यात काळा धागा. तो धागा म्या बांधला होता, पोट्टी दोन वर्साची होती तवा, तापातून उठली म्हनून.

ताटाची एक बाजू तिच्या हातात होती. असनच. तसं चालनं दुसऱ्या कशानं येत नाई.

बाया म्हनून राह्यल्या होत्या, "पाह्य न वं, तुही पोट्टी! कशी दिसते पाह्य!" मले मामीजीचं बोलनं आठवलं, मायचीच नजर आधी लागते. माही मान उचलाले गेली अन् म्या ती दाबून धरली. ते पाय समोरून गेले, गवतात शिरले, अन् दिसेनासे झाले. टाळ्या वाजल्या. मी बी वाजवल्या, लय जोरात, चिखलाकडं पाहून.

घरी आल्यावर पोट्टी पळत आली, हाताले तेलाचा वास. "माय, तू पाह्यलं काय मले?"

मी म्हनलं, "पाह्यलं न वं बाई. पूर्न पाह्यलं."